परदेशातल्या अवयव-अत्याचारांविरुद्ध संसदेने ठराव करून साधतं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: चीनमध्ये कैद्यांचे अवयव जबरदस्तीने काढले जातात म्हणून अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने आणि युरोपीय संसदेने निषेधाचे ठराव केले. चीन थोडाच ऐकणार? मग अशा ठरावांचा उपयोग काय, आणि भारताने यात काय केलं?

मी किडनीविकारांचा डॉक्टर आहे. ट्रान्सप्लांटचे रुग्ण वर्षानुवर्षं पाहतो आहे आणि रुग्णालयाच्या प्राधिकार समितीतही काम केलं आहे. ही समिती दात्याशी बोलून तो खरोखर स्वेच्छेने देतोय की पैशासाठी किंवा दडपणाखाली, याची खातरजमा करते. त्या कामामुळे कायद्याची पुस्तकं उघडावी लागली आणि मग परदेशातले कायदेही वाचत गेलो.

ठरावामुळे चीनमधली एखादी शस्त्रक्रिया थांबली असं कुणालाच दाखवता येणार नाही. तरीही असे ठराव व्हावेत असं मला ठामपणे वाटतं. फक्त ते वाचायची माझी पद्धत वेगळी आहे. 'तीव्र निषेध', 'गंभीर चिंता' हा भाग मी भराभर ओलांडतो आणि ठराव करणाऱ्या देशाने आपल्या माणसांना काय सांगितलंय ते शोधतो. आपल्या रुग्णाला, विमा कंपनीला, डॉक्टरला, व्हिसा अधिकाऱ्याला काही बंधन घातलंय का? ते असेल तर ठराव कामाचा. नसेल तर त्यातून पुढे काहीतरी घडवून आणण्याचं काम कुणाला तरी करावं लागणार.

एक उदाहरण तुमच्या घरापर्यंत आलेलं असेल. ओळखीतलं कुणी मुला-मुलीकडे अमेरिकेला गेलं असेल तर त्यांच्या व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म आठवा. सुरक्षेच्या प्रश्नांची लांबलचक यादी असते. दहशतवाद, मनी लाँडरिंग, नरसंहार. त्यातच विचारलेलं असतं की मानवी अवयव किंवा शरीरातल्या ऊती यांच्या सक्तीच्या प्रत्यारोपणात तुमचा कधी थेट सहभाग होता का? साताऱ्याचे निवृत्त मास्तर 'नाही'वर क्लिक करून पुढे जातात. असा प्रश्न मला का विचारला, असं कुणाच्या मनातही येत नाही.

२७ जून २००१ रोजी वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधीगृहाच्या मानवाधिकारविषयक उपसमितीसमोर वांग ग्वोची नावाच्या चिनी डॉक्टरांची साक्ष झाली. ते तिआनजिनच्या निमलष्करी पोलिसांच्या रुग्णालयात भाजलेल्या रुग्णांवर उपचार करायचे. मृत्युदंडाची अंमलबजावणी झालेल्या शंभरहून जास्त कैद्यांच्या देहांवरून आपण त्वचा आणि डोळ्यांतलं नेत्रपटल काढल्याचं त्यांनी साक्षीत सांगितलं. ऑक्टोबर १९९५ मधल्या एका प्रसंगात गोळी घातलेला कैदी अजून मेलेला नव्हता, तरी त्याच्या किडन्या काढल्या गेल्या, असंही सांगितलं. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, अमेरिकेने कायद्यात कलम घातलं: सक्तीच्या अवयव-प्रत्यारोपणात थेट सहभागी असलेल्या चिनी किंवा अन्य परदेशी व्यक्तीला व्हिसा मिळणार नाही. मास्तरांच्या फॉर्मवरचा प्रश्न या तरतुदीचा आहे.

त्या उपसमितीच्या अध्यक्ष होत्या फ्लोरिडाच्या इलिआना रॉस-लेटिनेन. पुढे १३ जून २०१६ रोजी प्रतिनिधीगृहाने एकमुखाने संमत केलेला ३४३ क्रमांकाचा ठराव मांडणाऱ्याही त्याच. त्याआधी त्यांचाच असा एक ठराव २०१४ मध्ये परराष्ट्र व्यवहार समितीत संमत झाला, पण सभागृहात मताला आलाच नाही. २०१६चा ठराव 'साधा ठराव' या प्रकारातला आहे. म्हणजे तो सिनेटकडे जात नाही, राष्ट्राध्यक्षांची सही लागत नाही आणि कायद्याचं बळही मिळत नाही. विवेकबंदींचे, म्हणजे केवळ श्रद्धेसाठी वा मतासाठी तुरुंगात टाकलेल्यांचे अवयव काढणं थांबवा, फालुन गोंग या साधनापंथाचा छळ थांबवा, स्वतंत्र चौकशी होऊ द्या, अशा मागण्या त्यात चीनकडे केल्या आहेत. त्यांचं पुढे काय झालं ते आपल्याला दिसतंच आहे. पण त्यातच आपल्या परराष्ट्र खात्याला सांगितलंय की वार्षिक मानवाधिकार अहवालात या विषयाचा अधिक तपशीलवार आढावा घ्या आणि २००२च्या व्हिसाबंदीची अंमलबजावणी कितपत झाली ते दरवर्षी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, कळवा. मला महत्त्वाचं वाटतं ते हे. कायदा करून चौदा वर्षं झाली, त्याखाली कुणाला अडवलं का, असा जाब सभागृहाने आपल्याच सरकारला विचारला.

आता, आरोप खरे कशावरून? हे न विचारता निषेध करणं मला पटत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

फाशीच्या कैद्यांचे अवयव वापरल्याचं चीनने स्वतःच मान्य केलेलं आहे. १९८४ मध्ये तिथे यासाठी सरकारी नियमच झाले. बेवारस मृतदेह, कैद्याची संमती किंवा नातेवाइकांची संमती, यांपैकी एक असलं की अवयव घेता येत. आरोग्य उपमंत्री ह्वांग जिएफू, जे स्वतः यकृताचे सर्जन, त्यांनी २००५ मध्ये मनिलाच्या परिषदेत हे जाहीरपणे कबूल केलं आणि पुढे मृत दात्यांच्या अवयवांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक अवयव अशा कैद्यांचे असल्याचंही सांगितलं. १ जानेवारी २०१५ पासून फक्त नागरिकांच्या स्वेच्छादानातूनच अवयव घेऊ, असं त्यांनीच जाहीर केलं. तेव्हा वाद उरतो तो दोन गोष्टींचा: १९९९ नंतर पकडलेल्या फालुन गोंगच्या साधकांना आणि पुढे उइगुर मुसलमानांना यासाठी मारलं गेलं का, आणि २०१५ नंतर हे खरंच थांबलं का.

२००६ मध्ये कॅनडाचे माजी मंत्री डेव्हिड किल्गोर आणि वकील डेव्हिड मॅटास यांचा अहवाल आला आणि हा आरोप जगापुढे आला. २०१६ मध्ये त्यांनी पत्रकार इथन गुटमन यांच्याबरोबर तो वाढवला आणि चीनमध्ये वर्षाला ६० हजार ते १ लाख प्रत्यारोपणं होत असावीत असा अंदाज मांडला. सरकारी आकडा तेव्हा दहा हजारांच्या आसपास होता. त्यांचा अंदाज रुग्णालयांतल्या खाटा, कर्मचारी, कामाचा वेग यांवरून बांधलेला आहे. मी तो आकडा व्याख्यानात वापरत नाही, कारण तपासायला मूळ नोंदी हातात नाहीत. मला पटतात ते पुरावे माझ्या रोजच्या कामाशी ताडून पाहता येणारे.

पहिला पुरावा वेळेचा. मृत दात्याची किडनी मिळण्यासाठी आपल्याकडे झेडटीसीसीच्या, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या, यादीत नाव घालतात आणि वर्षानुवर्षं थांबतात. रात्री दोनला फोन येतो, कारण कुणाचा मेंदू कधी मरणार हे कुणालाच आधी ठाऊक नसतं. काढलेलं हृदय तर साधारण चार तासांत दुसऱ्याच्या छातीत धडधडायला लागलं पाहिजे. २००५ मध्ये इस्रायलच्या शेबा रुग्णालयातले हृदय-प्रत्यारोपण सर्जन जेकब लावी यांना त्यांच्या एका रुग्णाने सांगितलं की विमा कंपनीने चीनमध्ये सोय केली आहे आणि दोन आठवड्यांनी अमुक तारखेला मला हृदय मिळणार आहे. तो गेला आणि त्याच तारखेला त्याला हृदय मिळालंही. हृदयाची तारीख दोन आठवडे आधी सांगता येते याचा अर्थ एकच होतो: त्या दिवशी कोण मरणार हे कुणीतरी ठरवलेलं आहे. ट्रान्सप्लांटचं काम करणाऱ्या कुणालाही यावर आणखी पुरावा मागावासा वाटणार नाही.

दुसरा पुरावा लावी आणि संशोधक मॅथ्यू रॉबर्टसन यांनी २०२२ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ ट्रान्सप्लांटेशन'मध्ये मांडला. त्यासाठी आधी ब्रेन डेथ कशी ठरवतात ते बघू. आयसीयूत रुग्ण आधीपासून व्हेंटिलेटरवर असतो, श्वासनलिकेत नळी असते. आपल्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं मंडळ सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या करतं. त्यातली निर्णायक असते ॲप्निया टेस्ट. नळीतून ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर काढायचा, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू द्यायचा आणि छातीकडे टक लावून बघायचं. मेंदूच्या तळाशी जराशीही जान असेल तर त्या साचलेल्या वायूने श्वास खेचला जातोच. नळी आणि व्हेंटिलेटर आधीपासून नसेल तर ही चाचणी करताच येत नाही, कारण जो माणूस स्वतः श्वास घेतो आहे तो ब्रेन डेड नाही.

रॉबर्टसन आणि लावी यांनी हृदय व फुप्फुस प्रत्यारोपणावरचे हजारो चिनी शोधनिबंध चाळले. त्यांतल्या ७१ निबंधांत सर्जननी स्वतःच्याच हाताने लिहून ठेवलं होतं की दात्याला 'ब्रेन डेड' ठरवल्यानंतर श्वासनलिकेत नळी घातली, किंवा छाती उघडायच्या जरा आधी घातली, किंवा नळी न घालता नुसता मास्क लावला. म्हणजे ब्रेन डेथची तपासणी झालेलीच नव्हती. माणूस मेला तो हृदय काढल्यामुळे. हे वाचलं तेव्हा मला भूल देणाऱ्या डॉक्टरांचा विचार आला. नळी घालताना समोरचा माणूस श्वास घेतोय हे त्यांना दिसत होतं.

तिसरा पुरावा आकड्यांचा. २०१९च्या अभ्यासात रॉबर्टसन, हिंडे आणि लावी यांना दिसलं की चीनने जाहीर केलेली स्वेच्छादानाची वार्षिक संख्या एका साध्या वर्गसमीकरणाच्या वक्राला जवळजवळ तंतोतंत चिकटून वाढते. खऱ्या अवयवदानाचे आकडे असे कधीच नसतात, ते दरवर्षी वरखाली होतात. त्याच वर्षी लंडनमध्ये ब्रिटिश बॅरिस्टर सर जेफ्री नाइस यांच्या अध्यक्षतेखालच्या 'चायना ट्रिब्युनल'ने साक्षी तपासून निष्कर्ष दिला की सक्तीने अवयव काढणं चीनमध्ये वर्षानुवर्षं, मोठ्या प्रमाणावर झालं आहे आणि फालुन गोंगचे कैदी हा त्याचा एक, बहुधा मुख्य, स्रोत होता. हे न्यायाधिकरण सरकारी नव्हतं, नागरी पुढाकारातून उभं राहिलं होतं. सक्तीच्या प्रत्यारोपणाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेनेच ते नेमायला लावलं, हेही सांगायला हवं. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्वतंत्र मानवाधिकार तज्ज्ञांनी या बातम्यांनी आपण अत्यंत अस्वस्थ असल्याचं जाहीर केलं. चीन हे सगळं नाकारतो. प्रत्यारोपण क्षेत्रातल्या काही वजनदार पाश्चात्त्य डॉक्टरांचंही मत होतं की चीनमध्ये सुधारणा खरोखर चालू आहेत आणि दार बंद करण्यापेक्षा बोलत राहावं. त्यांचा हेतू मी वाईट मानत नाही. पण ७१ निबंधांना त्यांच्याकडून समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही.

(जाता जाता: 'बाजारातून माणूस उचलला, किडनी काढून रस्त्यावर टाकला' असे मेसेज फिरतात, त्यांच्याशी याची गल्लत करू नका. रक्तगट, ऊतींची जुळणी, ऑपरेशन थिएटर, सर्जनची टीम यांशिवाय अवयव निरुपयोगी असतो. या गुन्ह्याला रुग्णालय लागतंच, आणि म्हणूनच त्याला कायद्याने पकडता येतं.)

लावी त्या रुग्णाची गोष्ट ऐकून गप्प बसले नाहीत. त्यांनी लिहिलं, भाषणं केली, खासदारांच्या मागे लागले. २००८ मध्ये इस्रायलने अवयव-प्रत्यारोपण कायदा केला. त्यात चीनला उद्देशून चार शब्दही नाहीत. तरतूद इतकीच की परदेशात अवयवांचा व्यापार करून किंवा तिथला कायदा मोडून प्रत्यारोपण झालं असेल तर विम्याचा एक पैसा मिळणार नाही. सोबत, दाता म्हणून नाव नोंदवणाऱ्याला आणि त्याच्या कुटुंबाला यादीत प्राधान्यही दिलं. परदेशात जाऊन किडनी बसवून घेणारे इस्रायली २००६ मध्ये १५५ होते, २०११ मध्ये ३५ उरले. देशातलं मृत दात्यांचं प्रमाण २०१० मध्ये दहा लाखांमागे ७.८ होतं, ते २०११ मध्ये ११.४ झालं. परदेशाचा रस्ता बंद करताना घरचा रस्ता रुंद केला, म्हणून हे जमलं. नुसती बंदी घातली असती तर रुग्ण डायलिसिसवरच संपले असते, आणि मी रोज त्याच रुग्णांसमोर बसतो, त्यामुळे हा मुद्दा मला विसरता येत नाही.

अवयवांच्या व्यापाराविरुद्ध स्पेनने २०१० मध्ये दंडसंहितेत कलम घातलं, तैवानने २०१५ मध्ये कायदा बदलला, इटलीने २०१६ मध्ये. कौन्सिल ऑफ युरोप या युरोपीय संघाहून वेगळ्या मानवाधिकार संघटनेचा अवयव-तस्करीविरोधी करार २०१५ मध्ये सह्यांसाठी खुला झाला आणि २०१८ मध्ये अमलात आला. युरोपीय संसदेने डिसेंबर २०१३ मध्ये आणि पुन्हा मे २०२२ मध्ये ठराव केले.

कॅनडाची कहाणी चिकाटीची आहे. २००८ मध्ये पहिलं विधेयक आलं आणि बारगळलं. मग वेगवेगळ्या पक्षांचे सदस्य पुन:पुन्हा आणत राहिले. २०१९ मध्ये तर दोन्ही सभागृहांनी विधेयकाला मान्यता दिली होती, पण दुरुस्तीवर अखेरचा शिक्का बसायच्या आत संसद विसर्जित झाली. अखेर सिनेटर सलमा अताउल्लाजान यांचं विधेयक डिसेंबर २०२२ मध्ये कायदा झालं. दात्याची माहितीपूर्ण संमती नसताना, किंवा पैसे मोजून, अवयव मिळवला तर तो गुन्हा, मग तो जगात कुठेही घडो. शिक्षा चौदा वर्षांपर्यंत. हा कायदा नागरिकांना लागू आहे तसाच कायमस्वरूपी रहिवाशांनाही. टोरांटोला पीआर मिळालेल्या आपल्या मराठी मंडळींनी हे नीट वाचावं. भारतात येऊन 'सोय करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाकडून किडनी घेतली तर इथला कायदा आहेच, शिवाय परत गेल्यावर तिथलाही आहे. ब्रिटननेही २०२२ मध्ये असंच पाऊल उचललं.

अमेरिकेत प्रतिनिधीगृहाने मार्च २०२३ मध्ये ४१३ विरुद्ध २ मतांनी विधेयक संमत केलं: सक्तीने अवयव काढण्यात गुंतलेल्यांची यादी राष्ट्राध्यक्षांनी करायची, त्यांची मालमत्ता गोठवायची, व्हिसा रोखायचा. सिनेटने ते मताला घेतलं नाही आणि मुदतीबरोबर विधेयकही संपलं. २०२५ मध्ये प्रतिनिधीगृहाने ते पुन्हा मोठ्या बहुमताने संमत केलं. दरम्यान टेक्सास राज्याने २०२३ मध्येच आरोग्य विम्यातून चीनमधल्या प्रत्यारोपणाचा खर्च देण्याला मनाई केली. वॉशिंग्टनमधल्या चारशे मतांपेक्षा टेक्सासची राजधानी ऑस्टिनमधल्या या कायद्याचा परिणाम एखाद्या रुग्णाच्या निर्णयावर जास्त होईल, असं माझं मत आहे.

ठराव उलटूही शकतो. कोसोवोतल्या युद्धानंतर कैद्यांचे अवयव काढल्याच्या आरोपांवर स्वित्झर्लंडचे संसद सदस्य डिक मार्टी यांचा अहवाल आला आणि जानेवारी २०११ मध्ये कौन्सिल ऑफ युरोपच्या सभेने तो उचलून धरत चौकशीची मागणी केली. त्यातून पुढे हेगमध्ये खास न्यायालय उभं राहिलं. पण २०२०च्या आरोपपत्रात खून, छळ, बेपत्ता करणं होतं, अवयवांचा आरोप नव्हता. सभागृहाने म्हटलं म्हणून कोर्टात सिद्ध झालं असं होत नाही. म्हणूनच मला 'चौकशी होऊ द्या' हे वाक्य असलेला ठराव 'अमुक दोषी आहे' म्हणणाऱ्या ठरावापेक्षा प्रामाणिक वाटतो.

आता भारत. आपल्या संसदेने चीनमधल्या या प्रकरणावर निषेधाचा ठराव केलेला नाही. पण विधिमंडळाच्या ठरावात काय ताकद असते याचं उदाहरण आपल्याच घरात आहे. ऐंशीच्या दशकात आणि नव्वदीच्या सुरुवातीला मुंबई किडनीच्या उघड व्यापारासाठी बदनाम होती, आखातातून रुग्ण येत आणि गरिबांच्या किडन्या विकल्या जात. आरोग्य हा राज्यांचा विषय, त्यामुळे संसदेला थेट कायदा करता येत नव्हता. राज्यघटनेच्या कलम २५२ प्रमाणे दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केले तरच तो मार्ग खुला होतो. महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश यांनी ते केले आणि मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा, १९९४ झाला. त्या ठरावांचा उल्लेख कायद्याच्या उद्देशिकेतच आहे.

२०११च्या दुरुस्तीने अवयवांच्या व्यापाराची शिक्षा पाच ते दहा वर्षं आणि दंड २० लाख ते १ कोटी झाला. परदेशी रुग्णाला, नातं जवळचं नसेल तर, भारतीय जिवंत दात्याची किडनी देता येत नाही. म्हणजे बाहेरून आत येणाऱ्यावर आपला पहारा आहे. पण आतून बाहेर जाणाऱ्याचं काय? परदेशात जाऊन अवयव विकत घेणाऱ्या भारतीयाला पकडणारं स्पष्ट कलम या कायद्यात नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये माणसांच्या तस्करीत 'जबरदस्तीने अवयव काढणं' येतं आणि संहिता भारतीयाने परदेशात केलेल्या गुन्ह्यालाही लागू होते. पण ते कलम माणूस पळवणाऱ्या, ठेवून घेणाऱ्या टोळीसाठी लिहिलेलं आहे. पैसे भरून ऑपरेशन टेबलावर झोपलेला रुग्ण त्यात सहजी बसत नाही, आणि त्याला तिथवर नेणारा एजंट आपला हात झटकतो.

तेव्हा आपल्या आमदार-खासदारांकडे निषेधाचा ठराव मागण्याआधी मी एक छोटी गोष्ट मागेन. तैवानने २०१५ मध्ये ठरवलं की परदेशात प्रत्यारोपण करून आलेल्या रुग्णाने पुढच्या उपचारांसाठी येताना देश, रुग्णालय आणि डॉक्टर यांची माहिती द्यायची आणि रुग्णालयाने ती सरकारला कळवायची. बाहेरून किडनी बसवून आलेल्या माणसाच्या डिस्चार्ज पेपरवर टॅक्रोलिमसचा (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून द्यायच्या औषधाचा) डोस असतो, टाके कधी काढायचे ते असतं, दात्याबद्दल मात्र अवाक्षरही नसतं. अशा रुग्णाला मी कधीही परत पाठवणार नाही, औषध चुकलं तर किडनी जाईल आणि कदाचित तोही. पण मी ती माहिती विचारावी आणि राज्याच्या प्रत्यारोपण संस्थेला कळवावी, असा नियम १९९४च्या कायद्याखाली करता येईल. सुरुवात महाराष्ट्र आणि गोव्याच्या विधिमंडळांना करता येईल, त्यांनी ती एकदा केलेली आहे.